दीड फूट



मागच्या एका अंकात बडोद्याच्या एका ताईंनी विचारलं होतं, की साधनेत असलेल्या माणसाने घराला कुंपण घालावं का? हे माझं, ते तुझं, हे पुसायचं म्हणून आपण रोज पहाटे बसतो, आणि उठल्यावर तारा ताणायच्या, हे कसं? बऱ्याच जणांनी छान छान उत्तरं पाठवली. आम्ही तेव्हा काहीच लिहिलं नाही. अगदी त्याच दिवसांत आमच्या परसात खांबांचे खड्डे खणले जात होते, आणि ज्यात आपण अजून गळ्यापर्यंत बुडालेलो आहोत त्यावर लिहायला धीर होत नाही. आता काम झालंय. म्हणून जसं घडलं तसं लिहितोय. उत्तर म्हणून नव्हे. आम्हालाही सगळं सुटलंय असं नाही.

आम्ही खानापूरचे. बेळगावहून पंचवीस-सव्वीस किलोमीटर. म्हटलं तर तालुक्याचं गाव, म्हटलं तर खेडंच. मलप्रभा जवळ, जंगल जवळ, आणि पाऊस असा की इंदूर-हैदराबादच्या भगिनींना सांगून पटायचा नाही. सासऱ्यांनी १९७८ मध्ये एका शेताच्या कडेची पाच गुंठे जागा घेतली आणि कौलारू घर बांधलं. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, १०८९ चौरस फूट; आमची जागा रस्त्याच्या बाजूने ६६ फूट आणि आत साडेब्याऐंशी फूट. दोन बाजूंना चिऱ्याचा गडगा होता. तिसरीकडे रस्ता. चौथ्या बाजूला, म्हणजे शेजारच्या आक्कांच्या बाजूला, सासऱ्यांच्या हातची वई होती. शेर, घायपात, अडुळसा, मधेमधे कडू मेंदी. आमच्याकडे कुंपणापेक्षा वई हाच शब्द जास्त चालतो.

गेल्या पावसाळ्यात ती वई मागच्या बाजूने बसली. शेर कुजला, घायपात आडवी पडली, आणि त्या भगदाडातून डुकरं यायला लागली. हळदीचा वाफा, अळू, सुरण, सगळं एका रात्रीत नांगरल्यासारखं. मग मोकाट गुरं. माकडांचं आम्ही धरतच नाही, माकडाला कुंपण म्हणजे बसायला कठडा. पण सासूबाई ऐंशीच्या पुढच्या, पहाटे अंधारात फुलं काढायला परसात जातात, आणि एकदा डुक्कर त्यांच्या पायाशेजारून गेलं. त्या दिवशी ठरलं, की आता पक्कं कुंपण घालायचं.

तेव्हा बडोद्याच्या ताईंच्या प्रश्नाचा पहिला अर्धा भाग आम्हाला तरी कठीण गेला नाही. म्हातारं माणूस पडू नये म्हणून घातलेलं कुंपण आणि कुणी येऊ नये म्हणून घातलेलं कुंपण दिसायला सारखंच असतं, पण घालणाऱ्याला फरक ठाऊक असतो. घराला दार असतंच की. दार लावलं म्हणून आपण जगाशी वैर धरलं असं कुणी म्हणत नाही.

मिस्त्रींनी तीन पर्याय सांगितले. चिऱ्याची भिंत, चेन लिंकची जाळी, नाहीतर काटेरी तार. भिंतीचा खर्च ऐकून आमचे हे चहा अर्धा टाकून उठले. काटेरी तार सगळ्यात स्वस्त. ती तार कुणी शोधली म्हणून नातवाने मोबाईलवर बघितलं, तर १८७४ साली अमेरिकेतल्या एका शेतकऱ्याने तिचं पेटंट घेतलं होतं, गुरं आवरायला. स्वस्त म्हणून आम्हीही तिच्यावरच आलो होतो, आणि ह्यांनी एक गुंडाळी आणूनही ठेवली होती. पण आमच्या गल्लीत एका मोकाट गाईची कास अशाच तारेत फाटलेली आम्ही पाहिली आहे. दुसऱ्या दिवशीही ती तिथेच चरत होती आणि दुधाबरोबर रक्त ठिबकत होतं. जनावराला तार दिसत नाही, ते पोटासाठी पुढे जातं. आडवायचं आहे की शिक्षा करायची आहे, हे आधी आपल्या मनाशी ठरवावं लागतं. गुंडाळी परत केली. दुकानदाराने थोडे पैसे कापले, ते योग्यच होतं. जाळी ठरली: पाच फूट उंच, दोन इंची घर, दहा गेजची. इथे एक सांगून ठेवतो, गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड. आम्ही आधी उलटंच समजत होतो, आणि बारा गेज भारी म्हणून सांगणाऱ्याकडून घेणारही होतो.

खांब सिमेंटचे, सात फुटी, दोन फूट जमिनीत. साडेसात फुटांवर एक, म्हणजे त्या बाजूला बारा. कोपऱ्याच्या खांबांना तिरके टेकू, कारण जाळी ताणली की सगळा ओढा कोपऱ्यावर येतो. हे सगळं कागदावर मांडून झालं आणि मिस्त्री म्हणाले, "वैनी, खांब कुठल्या रेषेत रोवायचे ते आधी सांगा की."

आता रेष म्हणजे वई. पन्नास वर्षं होत आली, आमच्या डोक्यात दुसरी रेषच नव्हती. पण मिस्त्री जाणते. म्हणाले, वईवर विश्वास ठेवू नका, मोजणी करून घ्या.

मोजणीवाले आले, तिकाटण्यावर यंत्र लावलं, आणि मागच्या कोपऱ्यातला हद्दीचा दगड कुठे आहे म्हणून विचारलं. तो कुणी पाहिलेलाच नव्हता. घायपातीच्या गड्ड्याखाली दोन तास पहारीने खणल्यावर दगड लागला. आणि त्याच्याखाली मूठभर कोळसा आणि खापरीचे तुकडे. आम्हाला वाटलं कुणी करणी केली की काय. मोजणीवाले हसले. जुने लोक असंच करायचे म्हणाले. दगड कुणी हलवला तरी खालचा कोळसा साक्ष देतो. नंतर आमच्या वाचनात आलं, की मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात शिवेच्या तंट्यांचा भाग आहे, त्यात हेच आहे. वर दिसेल अशी खूण म्हणून वड, पिंपळ, पळस, सावरी अशी झाडं लावायची, आणि खाली न दिसणारी खूण म्हणून दगड, हाडं, कोंडा, राख, खापऱ्या, विटा, कोळसा असं माती लवकर खात नाही ते पुरायचं. याज्ञवल्क्यस्मृतीतही सीमाविवादाचं वेगळं प्रकरण आहे. म्हणजे त्या काळीही शेजारी शेजाऱ्याची जमीन ढकलत होतेच. नाहीतर एवढं लिहायचं कारण काय?

त्या दगडापासून दोरी ताणली, तेव्हा आम्ही सगळे गप्प झालो. रस्त्याच्या बाजूला आमची वई आक्कांच्या जागेत सहा इंच होती. मागे जाता जाता वाढत दीड फूट. एकूण साडेब्याऐंशी चौरस फुटांच्या आसपास. गुंठ्याचा तेरावा-चौदावा भाग. आठ बाय दहाची एक खोली म्हणा. आणि त्या पट्टीत सासऱ्यांनी लावलेला फणस, बुंध्यासकट.

सासऱ्यांनी जागा ढकलली असं आमच्या मनात क्षणभरही आलं नाही. तो माणूस बाजारात जास्त आलेली चिल्लर परत द्यायला पाऊण मैल चालत जाणारा. मग झालं काय? आम्ही बराच विचार केला तेव्हा लक्षात आलं. वई चालते. आपण आपल्या बाजूने छाटतो, कारण काटे आपल्याला लागतात. पलीकडून कुणी छाटत नाही. ती पलीकडे वाढते. एखादं रोप मेलं की नवं आपण मोकळ्या जागेत लावतो, म्हणजे थोडं बाहेर. मागच्या बाजूला, जिथे आक्कांच्या घरचं कुणी फिरकत नाही, तिथे ती जास्त चालली. वर्षाला अर्धा इंचही नाही. कुणाच्याही मनात काही नसताना, निव्वळ स्वतःच्या सोयीने छाटत राहिल्याने, पन्नास वर्षांत एक खोली आमच्याकडे आली. आम्ही दोघी सासू-सुनांनीच किती वेळा कोयता चालवला असेल त्या वईवर.

मोजणीवाल्यांनी दोरी गुंडाळली आणि हळूच म्हणाले, "राहू द्या की वईच्या रेषेत. कोण बघायला येतंय? बारा वर्षं कधीच होऊन गेली."

आक्कांबद्दल सांगायला हवं. त्या सत्तरीच्या, एकट्या. मुलगा गोव्यात हॉटेलात नोकरीला, सणाला येतो. जागेचे कागद कधी बघितले असतील असं वाटत नाही. आमचं येणं-जाणं साधारण. भांडण नाही, फार गूळपीठही नाही. सांगितलं नसतं तर त्यांना कधीही कळलं नसतं.

इथून पुढे आम्ही अकरा दिवस काहीही केलं नाही. हे लिहायला लाज वाटते, पण हे वगळलं तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. ह्या अकरा दिवसांत दोन गुरुवार आले. दोन्ही गुरुवारी आम्ही सत्संगाला गेलो, चहाची सेवा केली, भजनं म्हटली. आणि घरी येऊन बारा वर्षांचा हिशोब केला.

भाचा बेळगावात वकिली करतो, त्याला फोन केला. त्याने नीट समजावलं. १९६३ चा मुदतीचा कायदा आहे. दुसऱ्याची जागा बारा वर्षं उघडपणे आणि मालकाच्या हक्काला न जुमानता कुणी वापरली आणि मालकाने दावा केला नाही, तर मालकाचा हक्कच संपतो. ह्याला प्रतिकूल कब्जा म्हणतात. मग तोच म्हणाला, की मामी, तुमचं प्रकरण त्यात बसेलच असं नाही, कारण तुम्हालाच माहीत नव्हतं की ती दुसऱ्याची आहे. न जुमानता वापरायला आधी माहीत तर हवं. आणि हेही सांगितलं, की २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने हा कायदा प्रामाणिक मालकावर फार कठोर आहे, सरकारने त्यावर फेरविचार करावा, असं म्हटलं होतं. तरी २०२३ मध्ये कायदा आयोगाने बदलायची गरज नाही असा अहवाल दिला. म्हणजे मोठमोठ्यांचंही एकमत नाही.

फोन ठेवल्यावर आमच्या ध्यानात आलं, की आम्ही भाच्याला काय केलं तर बरोबर हे विचारलंच नव्हतं. काय केलं तर चालेल, हे विचारलं होतं. कायद्याला कुठेतरी थांबावं लागतं. नाहीतर आजोबांच्या आजोबांच्या बांधावरून आजही कोर्टात रांगा लागतील. आम्हा सीमाभागातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको, १९५६ पासून एका रेषेचा वाद डोक्यावर घेऊनच आम्ही जन्मलो आणि म्हातारे व्हायला आलो. तेव्हा कायदा बारा वर्षांनी म्हणतो, की पुरे, आता ह्यावर आम्ही भांडण ऐकणार नाही. तो असं म्हणत नाही, की घेतलंत ते चांगलं केलंत. भांडण ऐकलं जाणार नाही ही सोय झाली. ती सोय आपल्या बाजूने पडली म्हणून ते पुण्य होत नाही.

दुसरा मुद्दा घरातलाच. "आपण काय चोरलं आहे थोडंच?" हे म्हणाले. खरंच आहे. पतंजलींच्या पाच यमांत अस्तेय आहे, चोरी न करणं, आणि चोरीला चोराचं मन लागतं. पन्नास वर्षं आमच्याकडे ते मन नव्हतं. त्या पन्नास वर्षांचा दोष आम्ही कुणालाच देत नाही, ना सासऱ्यांना ना स्वतःला. पण मोजणीच्या दिवशी संध्याकाळी साडेचार वाजल्यापासून ती पट्टी आक्कांची आहे हे आम्हाला माहीत होतं. जमीन तीच, वई तीच, फणस तोच. फक्त आमचं माहीत नसणं संपलं. आणि त्या क्षणापासून नुसतं गप्प बसणं हेही काहीतरी करणं झालं. आम्हाला हे फार अन्यायाचं वाटलं तेव्हा, खोटं कशाला बोलायचं. मोजलंच नसतं तर बरं झालं असतं, असं सासूबाई दोनदा बोलून गेल्या. पण न मोजता खांब रोवले असते तर? मिस्त्रींनी सांगूनही? ते माहीत नसणं राहिलं नसतं, ते माहीत करून न घेणं झालं असतं.

तिसरा मुद्दा सगळ्यात गोड, आणि तो आम्हाला आपल्याच शिकवणीतून सापडला. जमीन कुणाची? सगळी ईश्वराची. ईशोपनिषदाच्या पहिल्याच मंत्रात ते आहे. आपण चार दिवसांचे भाडेकरू, दीड फूट इकडे काय आणि तिकडे काय. अपरिग्रहाच्या वाटेवरच्या माणसाने इंच कसले मोजायचे? आमच्या ओळखीच्या एका काकांनी अगदी मनापासून असं सांगितलं आणि आम्हाला दोन दिवस फार बरं वाटलं. मग भाकरी थापताना एकदम डोक्यात आलं: ही वई आक्कांनी आमच्या जागेत दीड फूट सरकवली असती, तर आम्हाला हा मंत्र आठवला असता का? ज्याची जमीन गेली त्याने म्हटलं, की सगळं देवाचं आहे, राहू दे, तर ते वैराग्य. ज्याच्याकडे आली त्याने तेच वाक्य म्हटलं तर ते काय? आणि त्याच मंत्रात पुढे दुसऱ्याच्या धनाचा लोभ धरू नको असंही सांगितलं आहे. आम्ही अर्धा मंत्र वापरत होतो.

ह्यावरून विनोबांची आठवण झाली. १८ एप्रिल १९५१ ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूमिहीनांनी ऐंशी एकर जमीन मागितली आणि गावातल्या एका जमीनदाराने सभेत उभं राहून शंभर एकर देऊ केली. भूदान तिथून सुरू झालं. हैदराबादच्या भगिनींना ते गाव जवळचं. कुंपणं नकोत म्हणणाऱ्यांना वाटतं विनोबा त्यांच्या बाजूचे. पण दान द्यायला आधी आपलं काय आहे ते माहीत लागतं. भूदानातल्या पुष्कळ जमिनी पुढे वादातल्या किंवा नुसत्या खडकाळ निघाल्या. ज्याला मिळाली त्याच्या हातात कागद आला आणि जमीन नाही. तेव्हा रेष ओढणं हे मोठ्या मनाच्या आड येतं असं आम्हाला आता वाटत नाही. धूसर रेषेत गरिबाचंच जास्त जातं. भांडायला ज्याच्याकडे माणूस नाही, त्याचंच.

चौथा मुद्दा भीतीचा होता आणि त्याला आमच्याकडे आजही उत्तर नाही. सांगितलं आणि आक्कांच्या मुलाने उलट धरलं तर? इतकी वर्षं वापरली, भरपाई द्या म्हटलं तर? खरं बोलल्याने शांतता होते असं आपण म्हणतो, पण खरं बोलल्याने चांगली चाललेली शेजारं मोडलेलीही आम्ही बघितली आहेत. ह्या भीतीला पटवून घालवता आलं नाही. ती घेऊनच बाराव्या दिवशी आम्ही दोघं आक्कांकडे गेलो.

आपल्याला वाटेल, आक्का गहिवरल्या. तसं झालं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पदराने पुसला आणि म्हणाल्या, "आणि हे आत्ता कशाला सांगायला आलाय?" आवाज कोरडा. मग, "कुंपणाचा अर्धा खर्च मागायचा असेल तर सरळ मागा की."

आम्हाला हे फार लागलं. त्याहून जास्त लागलं ते हे, की अर्धा खर्च मागायचं खरोखरच आमच्या मनात होतं. मोजणीच्या आधी ह्यांनी तसा कागदही केला होता. दोन्ही घरांना उपयोग, तर दोघांनी द्यावं, ह्यात गैर काही नाही. पण आता दीड फूट एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने पैसे मागितले असते, तर ते देणं सौद्यासारखंच दिसलं असतं, आणि काही अंशी ते सौदाच झालं असतं. आम्ही तिथेच सांगितलं, की खर्च आमचा, कुंपण आम्हाला हवंय. त्यांनी बरं म्हटलं. चहा विचारला नाही.

मुलगा रविवारी गोव्याहून आला. त्याने आपला मोजणीवाला आणला. आमच्या मापाशी चार इंचांचा फरक आला, तोही आमच्याच विरुद्ध. आम्हाला राग आला. दीड फूट द्यायला कबूल झालेल्या माणसांना चार इंचांसाठी राग यावा! पण आला. जे आपण होऊन देतो त्याचा एक सुप्त अभिमान असतो, आणि पुढच्याने मोजून घेतलं की तो दुखावतो. त्या मुलाचं काय चुकलं? त्याने आमच्या शब्दावर का विश्वास ठेवावा? आमच्या शब्दावर पन्नास वर्षं विश्वास ठेवूनच त्यांची जागा गेली होती. शेवटी दोघांनी कोळशाच्या दगडापासून पुन्हा दोरी धरली, आणि चार इंच त्याच्याच माणसाच्या धरण्यातली चूक निघाली. तो मुलगा म्हणाला, "सॉरी काकू." आम्हीही आतल्या आत काही तरी म्हटलं.

मग काम भराभर झालं. खांबाचा खड्डा फूटभर रुंद, म्हणजे रेषेवर मधोमध खणला तर सहा इंच काँक्रीट आक्कांच्या जागेत जातं. म्हणून सगळे खड्डे आमच्याच बाजूला घेतले. ह्यांनी दीड फूट अधिक सहा इंच अशी बेरीज दोन-तीनदा मोठ्याने केली. वाळू-खडी-सिमेंट घालून आठ दिवस पाणी मारलं आणि मगच जाळी ताणली. घाई करणाऱ्यांचे खांब पहिल्याच पावसात झुकतात.

दोन गोष्टींवर मात्र मिस्त्रींशी वाद झाला. एक, त्यांना खालून सलग काँक्रीटची पट्टी घालायची होती, म्हणजे डुक्कर खालून उकरत नाही. पण आक्कांचं परस आमच्याहून उंच आहे, त्यांच्याकडचं पावसाचं पाणी आमच्यातून रस्त्याला जातं. पट्टी घातली असती तर पाणी त्यांच्या न्हाणीघरात उभं राहिलं असतं. वरच्याचं पाणी खालच्याने नैसर्गिक वाटेने जाऊ द्यावं, हे १८८२ च्या सुविधाधिकाराच्या कायद्यातसुद्धा आहे, पण तेवढं कायद्यापर्यंत जायची गरज नव्हती; आमच्याकडच्या आषाढात एक रात्र काढलेल्या कुणालाही ते कळतं. मागच्या वीस फुटांत तळाशी मोकळं ठेवून चिऱ्याचे तुकडे सुटे रचले. पाणी जातं, डुक्कर येत नाही. अजून तरी आलेलं नाही.

दुसरा वाद फणसावरून. मिस्त्री म्हणाले, बुंधा आयताच रेषेला आहे, एक खांब वाचेल, खिळे मारून जाळी त्यालाच अडकवू. झाड वाढताना तार गिळतं आणि आतून सडतं. शिवाय ते झाड आता आमचं नव्हतं, खिळे कुणाच्या परवानगीने मारायचे? तिथे जाळी आणखी सहा इंच आत वळवून घेतली. बुंध्याला जाड व्हायला जागा ठेवली. सासूबाई त्या दिवशी बाहेर आल्या नाहीत. तो फणस लावताना त्या पाणी घालत होत्या, पोटात ह्यांची धाकटी बहीण होती. त्यांना कुणी काय समजावणार? जमीन मोजता आली, हे नाही मोजता आलं. त्या अजूनही पहाटे फुलं काढायला जातात तेव्हा जाळीतून हात घालून बुंध्याला लावतात, आम्ही खिडकीतून बघितलंय.

शेवटी राहिलं फाटक. आमची फार इच्छा होती, की मागच्या बाजूला दोन्ही परसांमध्ये एक छोटं फाटक असावं. आक्कांना रात्री-अपरात्री काही झालं तर रस्त्यावरून वळसा घालून जावं लागू नये. आम्ही ते उत्साहाने सांगायला गेलो. आक्का जाळीला धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "फाटक नको. एवढ्यात नको."

आम्ही बरं म्हटलं. जाळी सलग ताणली. फक्त आठव्या आणि नवव्या खांबांमधला गाळा वेगळ्या तुकड्याने जोडलाय, आणि आठव्या खांबाला काँक्रीट ओलं असतानाच दोन बिजागऱ्या बसवून ठेवल्या आहेत. गंजू नयेत म्हणून त्यांना महिन्यातून एकदा खोबरेल तेल लावतो.